पिवळ्या स्कूटरवरचा रॉक

‘फॅन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? बहुतेकदा एखादा मुलगा. काळा टी-शर्ट, वाढवलेले केस, खोलीच्या भिंतीवर पोस्टर. त्याची आई शेजारणीला तक्रारीच्या सुरात कौतुकच सांगत असते, ‘अहो, दिवसभर तीच गाणी! कान किटले नुसते.’ त्या आईचं स्वतःचं आवडतं गाणं कोणतं, हे मात्र शेजारीण विचारत नाही आणि आईही आपणहून सांगत नाही.

आमच्या तुळिंजमधल्या बचत गटाच्या बैठकीत मी एकदा हिशेब झाल्यावर सहज विचारलं, ‘तुम्हाला स्वतःला काय ऐकायला आवडतं?’ अठरा जणी बसल्या होत्या. पहिली म्हणाली, ‘आमच्याकडे ह्यांना जुनी हिंदी गाणी लागतात.’ दुसरी म्हणाली, ‘मुलं लावतात ते ऐकते.’ तिसरीच्या सासऱ्यांना भजन आवडतं. मी पुन्हा म्हटलं, ‘अगं, तुला काय आवडतं?’ तर बाई गप्पच. जरा वेळाने म्हणाली, ‘ताई, हे कोणी विचारलंच नाही कधी.’

बायकांना आवडनिवड नसते असं थोडंच आहे? असते. लग्नाआधी तर भरपूर असते. वहीच्या मागच्या पानावर गाणी लिहिलेली असतात, कॅसेटच्या खोक्यावर आपलं नाव घातलेलं असतं. मग ती वही माहेरच्या माळ्यावर जाते आणि आवड तिच्याबरोबर. सासरी चहात साखर किती, भाजीत गूळ घालायचा की नाही, हे जसं शिकून घेतो तसंच काय ऐकायचं तेही शिकून घेतो.

त्या बैठकीत शेवटी सगळ्या जणी माझ्यावर उलटल्या. ‘ताई, तुमचं सांगा आता!’ मी सांगितलं. माझं आवडतं गाणं एक नाही, अख्खी कॅसेट आहे. तीही रॉक संगीताची, इंग्रजी. तिचं नाव ‘गोवन क्रेझी’, गायक रेमो फर्नांडिस. हे ऐकून जो हशा पिकला तो काही विचारू नका! साडीतली, पन्नाशीकडे झुकलेली, हळदीकुंकवाला वाण म्हणून रोपं वाटणारी बाई आणि रॉक? पण खरं आहे ते. जवळजवळ तीस वर्षं झाली, त्या कॅसेटवरचं माझं प्रेम तसूभरही कमी झालेलं नाही.

रेमो म्हटल्यावर ज्यांना पटकन आठवत नसेल त्यांना ‘प्यार तो होना ही था’ या १९९८ च्या सिनेमाचं शीर्षकगीत आठवेल. जसपिंदर नरुलाबरोबरचा तो भारदस्त, जरा खरखरीत आवाज रेमोचा. ‘बॉम्बे’ (१९९५) मधलं ‘हम्मा हम्मा’ही त्याचंच. त्याआधी १९८७ मध्ये ‘जलवा’चं शीर्षकगीत गाजलं होतं. सिनेमामुळे तो घराघरात पोचला. माझा रेमो मात्र त्याआधीचा, सिनेमाची ओळख व्हायच्या आधीचा. (एकेरी नावाने बोलते आहे, पण लता, आशा, किशोर म्हणताना आपण कुठे ‘जी’ लावतो? ज्याचा आवाज घरात राहतो त्याला अहो-जाहो होत नाही.)

त्याचा जन्म १९५३ चा, पणजीचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा हा आठ वर्षांचा. आजूबाजूला कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी, रस्त्यावर देवळातली आणि चर्चमधली दोन्ही गाणी. सात वर्षांचा असताना लंडनहून आलेल्या नातेवाइकाने बिल हॅलीची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ही रेकॉर्ड आणली आणि हे पोर रॉकच्या नादी लागलं ते कायमचं. मुंबईला येऊन त्याने जे. जे. मध्ये आर्किटेक्चरचं शिक्षण घेतलं. नंतर युरोप आणि उत्तर आफ्रिका पायी, मिळेल त्या गाडीला हात दाखवत हिंडून आला. आणि मग मोठ्या शहरात बस्तान बसवायचं सोडून तो बार्देश तालुक्यातल्या शिवोलीला, आपल्या वडिलोपार्जित घरी परतला.

या शिवोलीच्या घरात १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ तयार झाली. मुंबईचा स्टुडिओ नाही, पन्नास वादकांचा ताफा नाही. घरातच चार ट्रॅकचं एक लहानसं रेकॉर्डिंग मशीन. गाणी लिहिली रेमोने, चाली लावल्या रेमोने. वाद्यं सगळी त्यानेच वाजवली. मुख्य आवाज त्याचा आणि मागे कोरस ऐकू येतो तोही त्याचाच. कॅसेटच्या कव्हरचं चित्रही त्याने केलं. मग कॅसेटी तयार झाल्या, तेव्हा आपल्या पिवळ्या स्कूटरवर टाकून गोव्यातल्या दुकानादुकानात तो स्वतः देत फिरला.

आज आपण म्हणू, त्यात काय एवढं? हल्ली मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करून पोरं संध्याकाळपर्यंत जगभर पाठवतात. पण १९८४ चा काळ आठवून बघा. गाणं करायचं तर कंपनी हवी, कंपनीचा स्टुडिओ हवा, कोणीतरी ‘हो’ म्हणायला हवं. भारतातल्या माणसाने स्वतः लिहिलेली इंग्रजी रॉक गाणी घेऊन बाजारात उतरणं तर फारच दूरची गोष्ट. आपल्याकडचे बहुतेक बँड तेव्हा परदेशी बँडचीच गाणी हुबेहूब वाजवत. रेमोने कोणाच्या ‘हो’ची वाटच पाहिली नाही.

त्याला हाताशी धरणारी गोष्ट होती ती म्हणजे कॅसेट. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही प्लास्टिकची चपटी डबी आपल्याकडे ऐंशीच्या दशकात घरोघरी पोचली. त्याआधी रेकॉर्ड काढणं म्हणजे एकदोन मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी. कॅसेट स्वस्त. कोणीही भरावी, कोणीही विकावी. म्हणून तर आपल्याकडे प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, भीमगीतं, कोळीगीतं चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत वाजू लागली. ज्या गाण्यांना मोठ्या दुकानात जागा नव्हती त्यांना कॅसेटने रस्त्यावर जागा दिली. रेमोची कॅसेट याच लाटेतली, फक्त तिची भाषा वेगळी.

आता ही गोव्याची कॅसेट वसईच्या मराठी माध्यमातल्या मुलीकडे कशी आली, ते सांगते.

माझं माहेर वसईगावातलं. वसई आणि गोव्याचं नातं जुनं. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. दोनशे वर्षांच्या त्या राज्याच्या खुणा नुसत्या किल्ल्यात नाहीत, त्या गाण्याबजावण्यातही आहेत. आमच्याकडच्या ख्रिस्ती वाड्यांत लग्नाला बँड हवाच, कुठल्या घरात खुंटीला गिटार तर कुठे व्हायोलिन. आम्ही हिंदू घरातल्या मुली, पण नाताळात त्यांच्याकडे जायचो, गणपतीत त्या आमच्याकडे यायच्या. कॉलेजात माझी अशीच एक मैत्रीण होती, बोलायला अस्सल वसईची मराठी आणि गळ्यात क्रॉस. तिची मावशी म्हापशाला दिलेली. १९९५ च्या नाताळात मावशीने भाच्यांना जे सामान आणलं त्यात दोदोल होता, काजू होते आणि ‘गोवन क्रेझी’ होती.

मी एफ.वाय.बी.ए.ला होते. मैत्रिणीकडे डबल डेक होता. मी साठ मिनिटांची कोरी कॅसेट नेली आणि तिने ती भरून दिली. घरी आमचा जुना टेपरेकॉर्डर, त्याचं झाकण रबर लावून बसवलेलं. आवाज अगदी बारीक ठेवून ऐकायचं, कारण बाबांच्या मते इंग्रजी गाणी म्हणजे बिघडण्याची पहिली पायरी!

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द फारसे कळलेच नाहीत, खोटं कशाला सांगू? पण आवाजात एक खट्याळपणा होता. कोणीतरी ओट्यावर बसून गावच्या गमती सांगतंय, असं वाटायचं. रॉक म्हणजे आरडाओरडा, ही माझी समजूत तिथेच मोडली. ठेका रॉकचा, पण मध्येच सूर असा वळायचा की आमच्या वसईच्या लग्नातला बँड आठवावा. इंग्रजी होती ती साहेबाची नव्हे, आपल्याकडच्या माणसाची. मी वही घेतली आणि कॅसेट थांबवून थांबवून ऐकू येईल तसे शब्द देवनागरीत उतरवायला लागले. न कळलेल्या शब्दाची जागा कोरी सोडायची. मग डिक्शनरी काढायची, मैत्रिणीला विचारायचं. वर्षभरात बऱ्याच कोऱ्या जागा भरल्या. बी.ए.च्या तीन वर्षांत इंग्रजीचा पेपर कधी अडला नाही, त्याचं श्रेय मी माझ्या बाईंना देते तेवढंच त्या वहीलाही देते.

त्या काळी मुंबईत रॉकचे मोठे कार्यक्रम व्हायचे. धोबीतलावाच्या रंगभवनला १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचा, पोरं पावसात भिजत उभी राहायची म्हणे. आम्ही मुली पेपरात फोटो पाहायचो. वसईहून संध्याकाळी चर्चगेटला जायचं, रात्री शेवटच्या विरार लोकलने यायचं, हे आमच्या घरांत नुसतं विचारायचीही सोय नव्हती. म्हणून मला वाटतं, बाईचं फॅन असणं वेगळं असतं. ते मैदानावरचं नसतं. ते टेपरेकॉर्डरच्या जाळीला कान लावून, आवाज बारीक करून असतं. म्हणून ते कमी असतं, असं मात्र कोणी समजू नये.

त्या चार ट्रॅकच्या मशीनबद्दल मला पुष्कळ उशिरा कळलं, पण कळल्यावर कॅसेट आणखीच आवडायला लागली. ते काम कसं चालतं बघा. टेपवर चार समांतर पट्ट्या असतात. पहिल्या पट्टीवर गिटार वाजवून ठेवायची. मग ती कानात ऐकत दुसरीवर ठेका भरायचा. त्या दोन्ही ऐकत तिसरीवर आणखी एखादं वाद्य. आता एकच पट्टी उरली, आणि अजून गायचं आहे, कोरस आहे, बासरी आहे. मग काय करायचं? पहिल्या तिन्ही एकत्र करून चौथ्या पट्टीवर उतरवायच्या. म्हणजे तीन पुन्हा मोकळ्या! पण यात एक मेख असते. एकदा तिन्ही एकत्र उतरवल्या आणि वर दुसरं काही भरलं, की गिटार जरा मोठी झाली किंवा ठेका बारीक राहिला, तरी मागे जाता येत नाही. आणि प्रत्येक उतरवणीत टेपची सूंऽऽ अशी खरखर थोडी वाढते. म्हणून आधीच मनात ठरवून ठेवावं लागतं, शेवटी हे सगळं मिळून कसं वाजणार आहे ते.

हे वाचल्यावर मला आधी हसूच आलं. अरे, हे तर आपलंच काम! एका शेगडीवर कुकर, दुसरीवर दूध, एकीकडे मुलाचा अभ्यास, फोनवर कोणीतरी रडतंय. सगळं एका वेळी होत नाही. एकेक धागा भरायचा, तो मनात चालू ठेवून दुसरा भरायचा. पन्नास वादकांचा ताफा आपल्यालाही नसतो. एकटा माणूस एका घरात बसून, एकेक थर चढवत अख्खा बँड उभा करू शकतो, हे मला माझ्या कुठल्याही पुस्तकाने इतकं पटवून दिलं नव्हतं.

२००० साली लग्न होऊन मी तुळिंजला आले. नालासोपारा पूर्वेचा हा भाग तेव्हा झपाट्याने वाढत होता. चाळी होत होत्या, चाळींच्या जागी इमारती होत होत्या, पाण्याच्या टँकरमागे हंडे धावत होते. जिल्हा तेव्हा ठाणे होता, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. आमची दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसं. सकाळी सहाला रेडिओवर भक्तिगीतं, रात्री टीव्हीवर मालिका. माझी कॅसेट कपाटात साड्यांच्या घडीखाली होती. कोणी मनाई केली नव्हती, खरं तर. पण नव्या नवरीने स्वतःहून टेप लावायचा आणि त्यातून इंग्रजी रॉक निघायचा, ही कल्पनाच त्या खोलीत मावत नव्हती.

एके दिवशी दुपारी घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो. त्या वेंगुर्ल्याकडच्या. बाजूच्या खणात माझ्याकडे रेमोची १९८५ ची ‘ओल्ड गोवन गोल्ड’ही होती, गोव्याच्या जुन्या पारंपरिक गाण्यांची. धीर करून मी आधी ती लावली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. ‘गो, ह्यां तर आमच्याकडचां गाणां!’ म्हणाल्या आणि चक्क गुणगुणायला लागल्या. मग मी ‘गोवन क्रेझी’ लावली. शब्द एकही कळला नाही, पण शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, ‘ह्यो पण तोच मां? मगे लाव. माणूस आपलोच आसा.’ त्या दिवसापासून दुपारी दोन ते तीन हा आमच्या घरात रेमोचा तास झाला. ह्यांना हे कळलं तेव्हा ते आधी चकित झाले आणि मग रविवारी आपणहून टेपचं हेड साफ करून देऊ लागले. सासूबाई आता नाहीत. कॅसेटची दुसरी बाजू लागली की मला त्यांच्या सुपाचा आवाज हटकून आठवतो.

पुढे मुलं मोठी झाली तशी मी वस्तीतल्या कामात पडले. तुळिंजमध्ये घरोघरी बायका नगावर काम करतात. इमिटेशन दागिन्यांच्या माळा ओवणं, राख्या, पिशव्यांना नाड्या लावणं. नगाला पैसे मिळतात, ते सुट्ट्यात मोजावे लागतात. वस्तू तिच्या हातून होते, पण तिच्यावर तिचं नाव नसतं. आमच्या गटात एक बाई मालवणी मसाला असा करायच्या की जिन्यातून वास आला की शेजारी विचारायला येत. त्यांना विकायचा होता. पण आधी कर्ज मिळू दे, मग गाळा बघू, मग मशीन घेऊ, मग पाटी, अशी त्यांची चार वर्षं गेली होती. मी त्यांना शिवोलीच्या घराची आणि पिवळ्या स्कूटरची गोष्ट सांगितली. रॉकबिक काही नाही, नुसती गोष्ट. ‘घरात केलं, स्वतः केलं, स्वतः नेऊन दिलं.’ बाई ऐकत राहिल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी अर्धा अर्धा किलोच्या पाच पुड्या केल्या, वर मुलीकडून नाव लिहून घेतलं आणि स्टेशनकडच्या दोन दुकानांत स्वतः नेऊन ठेवल्या. स्कूटर नव्हती, कापडी पिशवी होती. आज त्यांचा मसाला विरारपर्यंत जातो.

अर्थात गोष्ट सांगताना पूर्ण सांगायला हवी. रेमोकडे वडिलोपार्जित घर होतं, पदवी होती, मशीन होतं आणि मुख्य म्हणजे दार लावून बसता येईल असा वेळ होता. तुळिंजच्या दहा बाय बाराच्या खोलीत दार लावून बसायची सोय बाईला नसते. ‘तो करू शकला, मग तुम्ही का नाही?’ असं कोणी म्हणालं तर तो अन्याय होईल. आम्ही गटात म्हणूनच आधी ते दार शोधतो. एकीची खोली दुपारी रिकामी असते, तिथे चार जणी बसतात. एकीची पोरं दुसरी सांभाळते. बाईला भांडवलाइतकाच दोन तासांच्या मोकळ्या जागेचा प्रश्न असतो, हे कोणत्याही योजनेच्या फॉर्मवर नसतं.

रेमोची आणखी एक गोष्ट मला आमच्या कामात उपयोगी पडली. तो आपल्या गावचे प्रश्न गाण्यात घालतो. ऐंशीच्या दशकात राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले, तेव्हा त्यांच्यासमोर रेमोने त्यांना थेट नावाने हाक मारणारं गाणं म्हटलं आणि गोव्याची दुखणी ऐकवली. पेपरांनी टीका केली, हा अपमान आहे म्हणून. पण पुढे राजीव गांधींनीच त्याला पत्र लिहून गाणं आवडल्याचं कळवलं. भांडण नाही, शिवी नाही, गाणं!

आमच्याकडे एका उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वेळच ठरत नव्हती. पहाटे तीनला येईल की दुपारी, पत्ता नाही. बायका रात्ररात्र जागायच्या. अर्ज दिले, त्यांचं काय झालं कळलं नाही. मग आम्ही जात्यावरच्या ओवीच्या चालीवर टँकरची ओवी रचली, प्रत्येकीने एकेक कडवं. संबंधित कार्यालयात गेलो आणि टेबलासमोर उभं राहून एका सुरात म्हटली. आधी साहेब चपापले, मग हसले, मग बाजूच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली. पाणी काही वाढलं नाही, ते आमच्याही हातात नव्हतं आणि त्यांच्याही. पण टँकरची वेळ लिहिलेला कागद आठ दिवसांत आमच्या गल्लीत लागला. झोप तरी परत मिळाली! त्या अठरा जणींना त्या दिवशी कळलं की ही ओवी ज्या माणसावरून सुचली तो ताईंचा रॉकवाला.

आणि एक जड विषय. १९८६ मध्ये रेमोचा ‘पॅक दॅट स्मॅक’ आला. स्मॅक म्हणजे हेरॉईन. तेव्हा ब्राऊन शुगरने मुंबई-गोव्याची तरुण मुलं पोखरली जात होती. परदेशात रॉक आणि नशा यांची जोडी लावली जाते, इथे एक रॉक गायक पोरांच्याच ठेक्यात पोरांना सांगत होता की हे गुंडाळून ठेवा. आज आमच्या भागात ब्राऊन शुगरची जागा एमडीने घेतली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यातून ७०० किलोहून जास्त मेफेड्रोन पकडलं. त्याची किंमत सुमारे १,४०० कोटी रुपये सांगितली गेली. आकडा वाचून बाहेरचे लोक थक्क होतात. आम्ही त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला असतो. मुलगा रात्री झोपत नाही, जेवत नाही, घरातलं मंगळसूत्र जातं, आणि आई ‘लोक काय म्हणतील’ म्हणून सहा महिने गप्प बसते. अशी आई पहिल्यांदा बोलते ती बैठकीत नाही, सगळ्या गेल्यावर चपला घालता घालता. एका गाण्याने कोणाची नशा सुटत नाही, हे मला माहीत आहे. त्याला डॉक्टर लागतो, समुपदेशन लागतं, घरच्यांचा दम लागतो. पण ज्याबद्दल घरात कुजबुजसुद्धा होत नाही त्यावर कोणीतरी भर स्टेजवरून गायलं होतं, एवढं सांगितलं तरी काही वेळा आईचं तोंड उघडतं. उघडलेल्या तोंडापासून पुढचं काम सुरू होतं.

माझं वय वाढलं तशी माझ्या कॅसेटकडे बघायची नजरही बदलली आहे. अठराव्या वर्षी ज्यावर खदखदून हसायची त्यातलं काही आता पोरकट वाटतं. ज्यावरून बोट पुढे सरकवायची तिथे आता थांबते. टेपची खरखर तेव्हा ऐकूच यायची नाही, आता आधी ऐकू येते आणि घरातल्या माणसाच्या खोकल्यासारखी ओळखीची वाटते. रेमोला २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. मोठा माणूस झाला. पण मला तो अजून स्कूटरवरच दिसतो.

माझा मुलगा म्हणतो, ‘आई, मोबाइलवर सगळं मिळतं, कॅसेट कशाला जपतेस?’ मिळतं, खरं आहे. पण त्याचं ऐकणं एका गाण्यापुरतं. हे आवडलं नाही, पुढे जा. आमच्या वेळी पुढे जाणं सोपं नव्हतं. बटण दाबून धरायचं, टेप कुठे थांबेल याचा नेम नाही. त्यापेक्षा न आवडणारं गाणंही ऐकून घ्यायचो. आणि दहाव्यांदा ऐकताना तेच आवडायला लागायचं. अख्खी कॅसेट आवडणं म्हणजे तिच्यातल्या पडत्या जागांसकट आवडणं. संसार केलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या बैठकीनंतर मी गटात एक नवीन प्रथा सुरू केली. हिशेब झाला की दर वेळी एकीने स्वतःच्या आवडीचं गाणं लावायचं. नवऱ्याच्या नाही, मुलांच्या नाही, स्वतःच्या. सुरुवातीला लाजायच्या. मग एकीने दादा कोंडक्यांचं लावलं आणि सगळ्या मोकळ्या झाल्या. एकीने बिहारकडचं छठपूजेचं लावलं. ‘हे कोणी विचारलंच नाही’ म्हणणारी जी बाई, तिची पाळी आली तेव्हा तिने कुमार सानूचं गाणं लावलं आणि सांगितलं की दहावीत असताना ही कॅसेट घेण्यासाठी तिने दोन महिने पायी शाळेत जाऊन बसचे पैसे वाचवले होते. तिच्या शेजारी बसलेल्या तिच्या मोठ्या मुलीला हे ठाऊकच नव्हतं. ती आईकडे अशी बघत राहिली, जणू पहिल्यांदाच बघते आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटातही साड्यांच्या घडीखाली असं काही असेल. कॅसेट नसेल तर वही असेल, नाटकाचं तिकीट असेल, क्रिकेटपटूचा फोटो असेल. ते काढा. वाजत असेल तर दुपारी वाजवा, आणि आवाज जरा मोठा ठेवा. घरातलं कोणी विचारेल, ‘हे काय लावलंय?’ तेव्हा एवढंच सांगा, ‘हे माझ्या आवडीचं आहे.’